एक मंदगति प्रवासपट

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी सध्यां महाविद्यालयांत शिकत आहे. मे महिन्याच्या सुट्टींत तो मजकडे आला होता. त्याच्या थोडे दिवस आधीं मीं त्यास एक फ्रेंच चित्रपट पाहावयास सुचविलें होतें. तो किंचित् रागानेंच म्हणाला, “सर, आपण सांगितलेला चित्रपट पाहिला. दोन तास होत आले तरी त्यांत कांहीं घडेचना!” मीं विचारलें, “मग मध्येंच उठून कां गेला नाहींस?” यावर तो थोडा वेळ स्तब्ध राहिला आणि म्हणाला, “तेंच तर कळत नाहीं.”

त्याच्या या दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. ज्यांत फारसें कांहीं घडत नाहीं अशा चित्रापुढून माणसास उठवत कां नाहीं, हें समजावून सांगण्याचा प्रयत्न पुढें केला आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं तो चित्रपट पाहिला नसेल. तेव्हां आधीं त्याची ओळख करून देतों.

त्याचें फ्रेंच नांव ‘नॉक्तुर्न ॲंदियें’. मराठींत त्यास ‘हिंदुस्थानी निशागीत’ म्हणतां येईल. तो १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. दिग्दर्शक अलें कॉर्नो (१९४३–२०१०) याने लुई गार्देल याच्या साह्यानें त्याची पटकथा लिहिली. मूळ कथा मात्र इटालियन आहे. अंतोनिओ ताबुक्की (१९४३–२०१२) या लेखकाची ह्याच अर्थाच्या नांवाची एक लहानशी कादंबरी १९८४ सालीं निघाली व १९८७ मध्यें तिला फ्रान्समधील मेदिसी पारितोषिक, परकीय ग्रंथांसाठीं असतें तें, मिळालें. ताबुक्की हा पोर्तुगीज वाङ्मयाचा प्राध्यापक होता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें ती उपयोगीं पडेल.

कथानक दोन ओळींत सांगतां येतें. रॉसिन्योल नांवाचा एक युरोपियन गृहस्थ मुंबईस उतरतो. झेवियर नांवाचा त्याचा एक पोर्तुगीज मित्र हिंदुस्थानांत येऊन नाहींसा झाला आहे, त्याचा तो शोध करीत आहे. मुंबई, मद्रास व गोवें अशा तीन ठिकाणीं तो जातो, अनेक अनोळखी माणसांशीं बोलतो, आणि मित्र कांहीं त्याला सांपडत नाहीं. बस्, इतकेंच.

आतां प्रवासपट म्हणजे काय तें पाहूं. बहुतेक कथांत प्रवास हा मधला भाग असतो. नायक पुण्याहून निघाला व नागपुरास पोंचला, एवढें एका वाक्यांत सांगून लेखक पुढें जातो, कारण त्याची खरी कथा नागपुरास घडावयाची असते. प्रवासपटांत याच्या उलट चालतें. तेथें वाटेंत जें भेटतें तेंच कथानक. मुक्कामाचें गांव हें केवळ निघण्याचें निमित्त. आपल्याकडील वारकऱ्यास हें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं. पंढरपूर कोठें आहे हें त्यास ठाऊक असतें आणि एस्. टी. नें एका दिवसांत तेथें जातांही येतें. तरी तो पंधरा-वीस दिवस चालतो. भेद एवढाच कीं वारकऱ्याच्या वाटेच्या शेवटीं विठोबा खात्रीनें उभा असतो. रॉसिन्योलच्या वाटेच्या शेवटीं कोण उभें आहे, हें त्याला ठाऊक नाहीं.

मंदगतीविषयीं पुष्कळांचा असा समज असतो कीं दिग्दर्शकास वेगानें सांगतां येत नाहीं म्हणून तो सावकाश सांगतो. तसें नाहीं. हाच कॉर्नो पूर्वीं पोलिसांच्या व गुन्हेगारांच्या कथा रंगविण्यांत नांव मिळवून बसला होता. वेग म्हणजे काय हें त्यास पक्कें माहीत होतें. सामान्य चित्रांत दोन माणसांचें बोलणें संपलें कीं लगेच दृश्य तुटतें. येथें बोलणें संपलें तरी कॅमेरा तेथेंच घुटमळतो. बोलणारा निघून जातो. मागें रिकामी खुर्ची, भिंतीवरील ओल, गरगरणारा पंखा एवढेंच उरतें. प्रथम आपण कंटाळतों. मग डोळे आपल्या आपणच इकडे तिकडे फिरूं लागतात, आणि ज्याकडे एरवीं आपलें लक्षही गेलें नसतें असें कांहीं तरी दिसूं लागतें. परक्या गांवांत पहिल्या रात्रीं झोंप न आलेल्या माणसाची जी अवस्था होते, तीच प्रेक्षकाची होते. निशागीत हें नांव त्यामुळेंच सार्थ आहे. चित्राचा मोठा भाग रात्रीं घडतो, आणि त्या रात्रींचे रंग टिपणाऱ्या ईव्ह आंजेलो या छायालेखकास १९९० सालीं छायालेखनाचें सेझार पारितोषिक मिळालें, तें योग्यच झालें.

मुंबईचा भाग मला सर्वांत चांगला वाटतो. परदेशी पाहुणा मुंबईस आला म्हणजे त्यानें गेटवे ऑफ इंडियापासून आरंभ करावा असा चित्रपटांचा जणुं नियमच आहे. रॉसिन्योल विमानतळावरून निघतो तो थेट एका दुर्दैवी वस्तींतील स्वस्त हॉटेलांत जाऊन उतरतो, कारण झेवियरचा शेवटचा पत्ता तेथला आहे. त्या ठिकाणच्या एका स्त्रीकडून त्यास इतकेंच कळतें कीं झेवियर आजारी होता आणि मद्रासच्या कोणा विद्वानांशीं त्याचा पत्रव्यवहार असे. पुढें इस्पितळ येतें. तेथील डॉक्टर त्यास जुन्या कागदांच्या ढिगांकडे नेतो, आणि एका मनुष्याचें नांव सांपडणें म्हणजे काय असतें हें आपल्या ध्यानीं येतें. त्यांतून नांव कोणतें, तर झेवियर! मुंबईंत, वसईंत किंवा गोव्यांत झेवियरचा शोध करणें म्हणजे साताऱ्यास जाऊन गणपतरावांची चौकशी करण्यासारखें आहे. आमच्या शाळेच्या हजेरीपटांतसुद्धां त्या नांवाचीं मुलें नाहींत असें वर्ष आठवत नाहीं. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यास आले, १५५२ सालीं चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर वारले, आणि त्यांचें शव पुढें गोव्यास आणण्यांत आलें. तेव्हांपासून हें नांव या किनाऱ्यावर घरोघर झालेलें आहे. ताबुक्कीसारख्या पोर्तुगीज भाषेच्या पंडितानें हरवलेल्या माणसास हेंच नांव द्यावें, हें सहज घडलेलें नसावें. तीनशें-चारशें वर्षांपूर्वीं त्या नांवाच्या शोधांत युरोपांतून किती माणसें येथें आलीं असतील!

मुंबईच्या बोरीबंदर स्टेशनावरील रिटायरिंग रूमचा प्रसंगही असाच आहे. स्टेशनाला त्या काळीं व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणत; इमारत १८८७–८८ च्या सुमाराची. काळोख्या खोलींत दोन पलंग, दोन परस्परांस अपरिचित प्रवासी, आणि झोंप कोणासही नाहीं. बोलणें निघतें तें शरीराविषयीं: हें शरीर आपण कां वाहून नेतों, तें आपलें काय लागतें. दिवसाढवळ्या हेंच बोलणें पुस्तकी वाटलें असतें. रात्रींच्या गाडीची वाट पाहतांना दोन परकीं माणसें एकमेकांस किती खरें सांगतात, याचा अनुभव ज्यास असेल त्यास तें पुस्तकी वाटणार नाहीं.

मुंबईहून मद्रास रेल्वेनें सुमारें १,२८० किलोमीटर. तेथें रॉसिन्योल जातो तो अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटींत. ही संस्था १८७५ सालीं न्यूयॉर्क येथें स्थापन झाली व १८८२ पासून तिचें मुख्य ठाणें अड्यार हें झालें. ॲनी बेझंटबाईंमुळें तिचें नांव आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. परंतु एका इटालियन लेखकानें आपल्या कथेस तेथें कां न्यावें? याचें उत्तर फेर्नांदो पेसोआ (१८८८–१९३५) या पोर्तुगीज कवींत आहे. थिऑसॉफीच्या ग्रंथांचीं पोर्तुगीज भाषांतरें पेसोआनें केलीं होतीं, आणि पेसोआचें इटालियन भाषांतर करण्यांत ताबुक्कीनें आपलें अर्धें आयुष्य घालविलें. या कवीची एक विलक्षण गोष्ट अशी कीं तो अनेक नांवांनीं लिही. आपले कवि टोपणनांव घेतात तसें हें नव्हे. प्रत्येक नांवास त्यानें वेगळें चरित्र, वेगळा स्वभाव, वेगळी लेखनशैली दिली होती. आल्बेर्तो कायरो हा एक, रिकार्दो रेइस हा दुसरा, आल्व्हारो द काम्पोस हा तिसरा. आणि हे एकमेकांच्या कवितांवर मतेंही देत! एका देहांत इतकीं माणसें नांदूं शकतात हें ज्यानें जन्मभर पाहिलें, त्यानें शोधणारा आणि शोधला जाणारा हे दोघे खरोखर दोन आहेत काय, असा प्रश्न विचारला तर नवल नाहीं. कादंबरींत अड्यारच्या वृद्ध विद्वानाशीं होणाऱ्या संभाषणांत पेसोआचें नांव येतें, तें अशा रीतीनें कथेची किल्लीच आहे.

मद्रासहून मंगळूरकडे जाणाऱ्या मोटारीच्या एका थांब्यावर जें घडतें, तें पाहतांना मात्र मला लाज वाटली; चित्राची नव्हे, माझी. रात्रींची वेळ, मोटार थांबली आहे. एक मुलगा खांद्यावर कांहीं घेऊन येतो. रॉसिन्योलला तें माकड वाटतें. मलाही तसेंच वाटलें. जवळ आल्यावर कळतें कीं तो त्या मुलाचा व्यंग असलेला भाऊ आहे, आणि तो लोकांचें भविष्य सांगतो. त्याची मजुरी देऊन प्रवासी आपलें भविष्य विचारतो. तें सांगतां येत नाहीं असें उत्तर मिळतें. कारण जो समोर उभा आहे तो खरा तो नव्हे, त्याचा आत्मा दुसरीकडे कोठें तरी एका होडींत आहे. एवढ्यांत मोटार निघते. हा भाग संपूर्ण चित्रांत फार थोडा वेळ चालतो. परंतु ज्या प्राण्यास आपण माकड समजलों, त्यानेंच आपणांस ‘तूं कोण?’ म्हणून विचारावें, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

मंगळूरहून गोव्यास आतां कोंकण रेल्वेनें कांहीं तासांत जातां येतें. ती सबंध वाट १९९८ सालीं खुली झाली. चित्राच्या काळीं तेथें किनाऱ्याचा रस्ताच काय तो होता. गोव्यांत कथा जुन्या गोव्याच्या ग्रंथालयांत जाते. अल्बुकर्कनें १५१० सालीं घेतलेलें, पुढें रोगराईनें ओस पडलेलें, आणि मोठमोठ्या देवालयांखेरीज फारसें कांहीं न उरलेलें असें हें नगर. कादंबरींत त्या ग्रंथालयांत प्रवाशास डुलकी लागते व स्वप्नांत अल्बुकर्कच दर्शन देतो. चारशें एक्कावन वर्षांचा पोर्तुगीज अंमल १९६१ सालीं संपला, परंतु जुन्या कागदांत तो अद्याप झोंपलेला आहे, असेंच जणुं लेखकास म्हणावयाचें आहे.

विद्यार्थ्यांनीं येथें नकाशा काढून पाहावा. मुंबई, मद्रास, मंगळूर, गोवें असे बिंदु जोडले तर एक त्रिकोण होत येतो, आणि प्रवासी निघाला तेथून सहाशें किलोमीटरांच्या आंतबाहेर येऊन थांबतो. शोधाची वाट सरळ नव्हती. ती वळून जवळ जवळ आरंभाकडेच आली. कादंबरीच्या प्रारंभीं ताबुक्कीनें या स्थळांची यादीच दिली आहे, अगदीं हॉटेलांच्या पत्त्यांसह. इतका काटेकोर पत्ता आणि इतका बेपत्ता मनुष्य, यांतील विनोद त्यानें जाणूनबुजून केला असला पाहिजे.

आतां शेवट सांगणें भाग आहे. ज्यांस तो आधीं कळून घ्यावयाचा नसेल त्यांनीं पुढील दोन परिच्छेद सोडून द्यावे. गोव्यांतील एका हॉटेलांत रॉसिन्योलला सुगावा लागतो कीं झेवियरनें आपलें नांव बदललें असून तो आतां मिस्टर नाइटिंगेल म्हणवितो. नाइटिंगेल म्हणजे बुलबुलासारखा गाणारा एक युरोपियन पक्षी. फ्रेंच भाषेंत त्याच पक्ष्यास रॉसिन्योल म्हणतात! म्हणजे हरवलेल्या मित्रानें शोधणाऱ्याचेंच नांव घेतलें. पुढें एका रात्रीं भोजनाच्या वेळीं क्रिस्तीन नांवाच्या छायाचित्रकार बाईला रॉसिन्योल आपण लिहीत असलेल्या कथेविषयीं सांगतो. त्या कथेंत एक जण दुसऱ्यास शोधतो आहे. परंतु कथा सांगणारा शोधणारा नसून, ज्याचा शोध चालला आहे तो आहे. त्याला सांपडावयाचें नाहीं. शेवटीं दोघे एकाच भोजनगृहांत येतात, दूरच्या मेजांवरून एकमेकांस पाहतात, आणि उठून आपापल्या वाटेनें जातात.

ही बाई आपल्या एका गाजलेल्या छायाचित्राची हकीकत सांगते. त्याचा एक भाग पाहिला तर शर्यत जिंकलेला तरुण दोन्ही हात वर करून उभा आहे असें वाटतें. पूर्ण चित्र पाहिलें म्हणजे कळतें कीं त्यास पोलिसांची गोळी लागत आहे. निवडक तुकड्यांपासून सावध राहावें, असा त्या प्रसंगाचा इशारा आहे. हा इशारा मला चित्रपटालाच लावून पाहावासा वाटतो. कारण परकीयानें दाखविलेला हिंदुस्थान हा नेहमीं निवडक तुकडाच असतो. फ्रेंच दिग्दर्शक झाँ रेन्वार याने १९५१ सालीं हुगळीच्या कांठचें शांत जीवन दाखविलें, इटालियन रॉसेलिनीनें १९५९ सालीं धरणें, हत्ती आणि खेडीं दाखविलीं. लुई मालचे सात भाग १९६९ सालीं तयार झाले व पुढें बी. बी. सी. नें ते दाखविले, तेव्हां आपल्या सरकारास त्यांतील दारिद्र्य इतकें खुपलें कीं बी. बी. सी. चें दिल्लीचें कार्यालयच बंद करविण्यांत आलें. कॉर्नो या वादांत पडत नाहीं. तो दारिद्र्याचें प्रदर्शन मांडत नाहीं आणि वैभवाचेंही मांडत नाहीं. तथापि त्याचा दोष निराळा आहे. त्याच्या चित्रांत भेटणारा जवळ जवळ प्रत्येक हिंदी मनुष्य गंभीर, बहुश्रुत आणि थोडासा गूढ असतो. आपल्या रेल्वेच्या डब्यांत एखादा गोरा पाहुणा एकटा बसला तर दहा मिनिटांत त्यास “आपण कुठले? लग्न झालें काय? मुलें किती?” हे प्रश्न विचारले जातात आणि कोणी तरी डबा उघडून चिवडा पुढें करतें. रॉसिन्योलला चिवडा कोणी देत नाहीं. हिंदुस्थानांत इतका निवांत एकान्त मिळालेला प्रवासी मीं तरी पाहिला नाहीं!

तरीही हा चित्रपट मीं तीन वेळां पाहिला, याचें कारण खासगी आहे, पण सांगतों. वसतिगृहांत माझ्याबरोबर राहणारा एक मित्र शिक्षण संपल्यावर मुंबईस गेला. दोन वर्षें पत्रें येत होतीं, मग बंद झालीं. मी त्याच्या चाळीचा पत्ता हुडकीत गेलों. शेजारच्या बाई दारांतच उभ्या राहून म्हणाल्या, “ते गेले इथून. कुणी विचारलं तर पत्ता द्यायचा नाही म्हणून सांगून गेलेत.” मी त्या बाईंवर रागावलों, घरमालकावर रागावलों, आणि परत येऊन सर्वांस सांगत सुटलों कीं मुंबईंत माणुसकी उरली नाहीं. तो कोठें गेला असेल, हा एकच प्रश्न मीं वीस वर्षें विचारला. त्याला सांपडावयाची इच्छा आहे काय, आणि नसेल तर त्यांत माझा कांहीं भाग आहे काय, हे प्रश्न मला या चित्रानें प्रथम सुचविले. भोजनगृहाच्या दूरच्या टोंकास कोणी तरी बसला आहे, तो मला ओळखतो आहे आणि उठून जाणार आहे, हें पडद्यावर पाहतांना मला त्या बाईंचा आवाज पुन्हां ऐकूं आला.

संगीताविषयीं थोडें लिहून हा लेख पुरा करतों. परदेशी दिग्दर्शक हिंदुस्थानांत आला कीं सतार वाजलीच पाहिजे अशी अपेक्षा असते. कॉर्नोनें शूबर्टचें पंचवाद्य निवडलें. शूबर्टनें तें १८२८ सालीं, म्हणजे वयाच्या एकतिसाव्या वर्षीं मृत्यूपूर्वीं थोडेच महिने आधीं लिहिलें. तें छापलें गेलें १८५३ सालीं. त्यांत दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि दोन चेलो असतात. त्याच्या मंद भागाची रचना ऐकण्यासारखी आहे. मधलीं तीन वाद्यें इतके लांब स्वर धरून ठेवतात कीं चाल पुढें सरकते आहे कीं थांबली आहे हेंच कळूं नये. वरचें व्हायोलिन मधून मधून दोन-चार लहान स्वर टाकतें, खालचा चेलो बोटानें तार छेडतो. मध्यभागीं जवळ जवळ निश्चल असें कांहीं तरी, आणि कडेकडेनें बारीक हालचाल: चित्रपटाचीही घडण नेमकी अशीच आहे. ज्यास तो कंटाळवाणा वाटला त्यानें आधीं हा भाग डोळे मिटून ऐकावा व मग चित्र पुन्हां लावावें. माझ्या त्या माजी विद्यार्थ्यासही मीं हेंच सांगितलें आहे. चित्र शक्यतों रात्रीं पाहावें, मध्यें थांबवूं नये, आणि भ्रमणध्वनि शेजारच्या खोलींत ठेवावा.